‘संत’ शब्दाची दोन कुळे

शेगावला महाराष्ट्रात ‘संतनगरी’ म्हणतात. भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथे समाधिस्थ झालेल्या गजानन महाराजांच्या नावामागे ‘संत’ हा शब्द असा घट्ट बसला आहे की इंग्रजीत लिहितानाही तो बदलत नाही. १९८३ साली तेथे सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या इंग्रजी नावात ‘श्री संत गजानन महाराज’ ही अक्षरे जशीच्या तशी आहेत. त्याचे ‘सेंट गजानन’ करावे असे कोणास सुचले नाही. उलट मुंबईत १८६९ साली स्थापन झालेले ‘सेंट झेवियर्स’ मराठी वृत्तपत्रांतही ‘सेंट झेवियर्स’च राहिले, ‘संत झेवियर महाविद्यालय’ झाले नाही. पाटीवर हे दोन शब्द असे अलग राहतात. पण आपल्या प्रार्थनापुस्तकात, नोव्हेनांत आणि प्रवचनांत त्याच झेवियरला आपण ‘संत फ्रान्सिस झेवियर’ म्हणतो. शेगावचा संत आणि गोव्याचा संत आपल्या जिभेवर एकाच शब्दात नांदतात. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली झाला आणि बुलढाणा जिल्हा त्याच धर्मप्रांतात येतो. तेव्हा तिकडील आमच्या वाचकांस हा अनुभव रोजचाच आहे. हा एक शब्द आहे की दोन, आणि दोन असतील तर आपण त्यांचे एकत्र नांदणे कसे समजून घ्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम एक लोकप्रिय समजूत बाजूला सारावी लागेल. ‘सेंट’ हा शब्द आपल्या ‘संत’वरूनच युरोपात गेला, असे व्याख्यानांतून आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या मजकुरांतून मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. उच्चारांचे साम्य एवढाच या विधानाचा पुरावा. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन मूळ ‘सांक्तुस’. त्यातला ‘क्’ पुढे झिजला म्हणून पोर्तुगीजांत ‘सांतो’ आणि ‘सांता’ झाले, आणि वसई-गोव्याच्या किनाऱ्यावर ते आपल्या कानी पडले. म्हणजे आज जे साम्य दिसते ते एका शब्दातील व्यंजन गळल्यामुळे आलेले. दोन अनोळखी माणसे म्हातारपणी सारखी दिसू लागावीत, त्यातला हा प्रकार.

‘सांक्तुस’ हे मुळात धातुसाधित विशेषण आहे, आणि तेही कर्मणी. ज्या क्रियापदापासून ते आले त्याचा अर्थ विधिपूर्वक ठरविणे, आज्ञेने अभंग करणे. रोमन कायद्यात नगराच्या तटाला आणि वेशीला ‘सांक्तुस’ म्हणत, कारण त्यांना कोणी हात लावला तर कायद्याने शिक्षा होई. त्याच क्रियापदापासून इंग्रजीत ‘सँक्शन’ हा शब्द आला. आपल्याकडे तो कचेऱ्यांतून आणि बँकांतून घरोघर पोहोचला आहे: रजा सँक्शन झाली, कर्ज सँक्शन झाले. वाचकांस हे थोडे खटकेल, पण शब्दकुळाच्या दृष्टीने पाहिले तर मराठी माणसाच्या तोंडी असलेला ‘सेंट’चा जवळचा नातलग ‘संत’ नसून ‘सँक्शन’ आहे.

लॅटिनमधील त्या शब्दाचा पल्ला किती मोठा होता हे मिस्सात बसणाऱ्या कोणालाही सहज पडताळता येईल. अर्पणविधीत आपण तीनदा ‘पवित्र’ म्हणतो. लॅटिनमध्ये तेथे तीनदा ‘सांक्तुस’ आहे, ग्रीकमध्ये ‘हागिओस’, आणि या सर्वांचे मूळ यशया संदेष्ट्याच्या हिब्रू ‘कादोश’मध्ये आहे. देव, आत्मा, सभा, क्रूस, पाणी, तेल, शहीद, साध्वी या सर्वांना लॅटिन भाषा एकच विशेषण लावते. मराठीत मात्र आपण कधी ‘संत आत्मा’ म्हटले नाही. ‘पवित्र आत्मा’च म्हटले. मुंबईच्या सांताक्रूझ स्थानकावर उतरणाऱ्या पुष्कळांना ते कोणा क्रूझ नावाच्या संताचे नाव वाटते. वास्तविक तो ‘पवित्र क्रूस’ आहे, तेथे माणूस नाहीच. अर्थात मराठी अनुवादकांनी लॅटिनच्या एका शब्दाची दोन शब्दांत वाटणी केली: देवाला, वस्तूंना आणि विधींना ‘पवित्र’, आणि माणसांना ‘संत’. ही वाटणी कोणा एकाने ठरवून केली असे नव्हे, पण ती अर्थपूर्ण आहे. माणसापाशी आल्यावर मराठीला ‘पवित्र’ हा शब्द पुरेसा वाटला नाही.

कोकणीने निराळी वाट धरली. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत पोर्तुगीज ‘सांत’ आणि ‘सां’ टिकले. २४ जूनला विहिरींत उड्या घेतल्या जातात तो ‘सां जांव’ म्हणजे संत योहानच. त्याच्या जोडीला कोकणीने ‘भागेवंत’ हाही शब्द योजला. भागेवंत म्हणजे भाग्यवंत, ज्याच्यावर कृपा झाली तो. हा शब्द आम्हांस फार सुंदर वाटतो, पण त्यात माणसाने काय केले यापेक्षा त्याला काय मिळाले याकडे अधिक लक्ष आहे.

आता मराठी ‘संत’ पाहू. संस्कृतात ‘अस्’ म्हणजे असणे. त्याचे वर्तमानकालवाचक धातुसाधित ‘सत्’, म्हणजे ‘असणारा’, आणि त्याचे अनेकवचन ‘सन्तः’. खरा तो, चांगला तो, हे अर्थ त्यातूनच उमलले: जो खरोखर आहे तो खरा. कालिदासाने ‘रघुवंशा’च्या आरंभी हा शब्द वापरला आहे, पण तेथे ‘सन्तः’ म्हणजे मठातले किंवा रानातले कोणी नव्हेत. काव्यातले खरे-खोटे पारखणारे जाणते श्रोते आहेत. पुढे मराठीने हे अनेकवचनी रूप एका माणसासाठीही घेतले. तरी शब्दातली समुदायाची आठवण पुरती गेली नाही. वारकऱ्यांच्या बोलण्यात ‘संत’ बहुधा अनेकच असतात: संतांची मांदियाळी, संतसंग. एकटा संत ही कल्पना त्या परंपरेला जरा अवघडच.

या ‘असणारा’ शब्दाचे सख्खे भाऊबंद युरोपातही आहेत, पण ते ‘सेंट’च्या घरी सापडत नाहीत. स्वीडिश भाषेत ‘सांत’ म्हणजे ‘खरे’. तो आपल्या ‘सत्’चाच वंशज. ग्रीकमध्ये त्याचे रूप ‘ओन’. निर्गम ग्रंथात मोशेला जळत्या झुडुपातून देवाने आपले नाव सांगितले, त्याचा अनुवाद करताना प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी हाच शब्द योजला: ‘जो आहे तो’. पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या चित्रांत प्रभूच्या प्रभावळीवर जी तीन ग्रीक अक्षरे लिहितात ती याच नावाची. व्याकरणाच्या नात्याने ती अक्षरे आणि आपला ‘संत’ हे एकाच घरातले. लॅटिनमध्ये हे धातुसाधित जोडशब्दांत उरले, आणि त्यातूनच इंग्रजी ‘प्रेझेंट’ आला. शाळेत हजेरी घेताना मूल उभे राहून ‘प्रेझेंट’ म्हणते. ‘संत’ शब्दाचा दूरचा चुलतभाऊ त्या वेळी वर्गात बोलत असतो. लॅटिनमध्ये तो सुटाही राहिला, पण तेथे त्याचा अर्थ विलक्षण झाला: ‘सोन्स’ म्हणजे अपराधी. ज्याने केले तो हाच, ‘तो हाच आहे’ अशी त्यामागची कल्पना. इंग्रजी ‘सिन’ आणि जर्मन ‘झ्युंडं’ हे पापवाचक शब्दही याच कुळातले असावेत असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ‘संत’ आणि ‘पाप’ एका मुळाचे! आम्हांस यात विसंगती वाटत नाही. ‘मीच तो’ असे म्हणता येणे हेच पापनिवेदनाचे पहिले वाक्य आहे, आणि आपल्या पंचांगातील कितीतरी संतांचा प्रवास तेथूनच सुरू झाला आहे.

भाषांच्या या वंशावळीबाहेर मात्र निव्वळ योगायोगाचे राज्य आहे. तेलुगूत ‘संत’ म्हणजे आठवड्याचा बाजार, कन्नडमध्ये ‘संते’. सोलापुरातील तेलुगू भाषिक विणकर घरातील आजी ‘संत’ म्हणेल तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे भाजीच्या टोपल्या असतील. फिनलंडच्या भाषेत ‘सांता’ म्हणजे वाळू. तोही स्वीडिशकडून उसना घेतलेला शब्द, पण आधी सांगितलेल्या ‘सांत’शी त्याचा संबंध नाही. इंडोनेशियात ‘सांताइ’ म्हणजे निवांत, आपल्या ‘संथ’च्या जवळचे काहीतरी. मराठीत ‘सेंट’ म्हणजे अत्तरही होते आणि लहान मुलांना त्यावरून विनोद सुचतात; पवित्र जनांच्या देहाला मृत्यूनंतर सुगंध येतो अशी जुनी ख्रिस्ती समजूत ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो विनोद तितकासा पोरकट वाटणार नाही. पण अशा साम्यांवर कोणी इतिहास उभारू नये, एवढ्यासाठीच ती येथे नोंदविली. तेलुगू बाजारावरून तुकोबांच्या वाण्याच्या दुकानाशी नाते जोडणे जितके खरे, तितकेच ‘संत’वरून ‘सेंट’ झाला हे विधान खरे.

शेगावात आणखी एक शब्द ऐकू येतो, तो परकीय असूनही आपल्याला अधिक जवळचा आहे. गजानन महाराजांना भक्त ‘अवलिया’ म्हणतात. हा अरबी ‘वली’चा अनेकवचनी शब्द. वली म्हणजे निकटचा, मित्र, पालक. देवाचा मित्र तो वली. ‘त्याला कोणी वाली उरला नाही’ असे आपण म्हणतो तो ‘वाली’ही त्याच अरबी धातूचा. ‘सन्तः’प्रमाणेच हाही शब्द मराठीने अनेकवचनात घेतला आणि एकवचनात वापरला. दोन परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांतील दोन शब्द मराठीत येऊन सारखेच वागले. आणि वऱ्हाडातल्या एका गावात एकाच माणसाला दोन्ही लागू झाले.

तो माणूस तेथे कसा आला, हेही पाहण्यासारखे आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळींवरील शिते वेचून खाताना ते बंकटलाल अग्रवाल यांना दिसले, असे दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथात वर्णन आहे. गाव, घराणे, जात कोणासच माहीत नव्हती. नावही लोकांनीच दिले. ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली. आपल्याकडे तो पवित्र मरियेच्या जन्माचा सण. या बत्तीस वर्षांत त्यांना ‘संत’ कोणत्या आसनावरून ठरविले, तर कोणत्याच नाही. लोक म्हणू लागले, आणि ते झाले. चोखामेळा, गोरा कुंभार, सावता माळी, जनाबाई या सर्वांच्या बाबतीत हेच घडले. त्यांचे संत असणे आधी आणि म्हणणे नंतर.

ख्रिस्तसभेच्या पहिल्या शतकांतही याहून वेगळे नव्हते. संत पौल आपल्या पत्रांत जिवंत, चुकणाऱ्या, एकमेकांशी भांडणाऱ्या करिंथकरांना ‘हागिओस’ म्हणतो. मराठी बायबलात तेथे ‘पवित्र जन’ आहे. शहिदांच्या थडग्यांपाशी लोक जमत आणि त्यांच्या तोंडूनच नाव रूढ होई. रोमहून विधिपूर्वक संत जाहीर झाल्याचे पहिले निश्चित उदाहरण ९९३ सालचे, जर्मनीतील आउग्सबुर्गचा बिशप उलरिक याचे. तो अधिकार केवळ पोपमहाशयांचा हा नियम तेराव्या शतकात पक्का झाला. १५८७ साली विरुद्ध बाजू मांडणारा अधिकारी नेमला जाऊ लागला. त्यालाच लोक ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १९८३ साली ही पद्धत बदलली. ही सारी दक्षता आम्हांस अनाठायी वाटत नाही. जेथे अशी चाळणी नसते तेथे ‘संत’ हा शब्द फलकांवर किती स्वस्त होतो हे आपण पाहतोच. ज्याच्या नावामागे लक्षावधी अनुयायी ‘संत’ लावीत होते अशा एकाला २०१८ साली न्यायालयाने जन्मठेप सुनावली. लोकांचा आवाज नेहमीच देवाचा नसतो.

परंतु या दक्षतेला आपण मराठीत जो शब्द जोडला आहे तो आम्हांस मुळीच मान्य नाही. ४ सप्टेंबर २०१६ रोजी मदर तेरेसा संत म्हणून जाहीर झाल्या तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी ‘संतपद बहाल’ असे लिहिले. आणि आपल्या धर्मग्रामांच्या पत्रिकांनीही तेच उचलले. ‘पद’ म्हणजे हुद्दा. ‘बहाल’ हा फारसी शब्द. मूळ अर्थ पूर्वस्थितीवर ठेवणे, आणि मराठी दफ्तरात वतन, जागीर, हुद्दा देण्याचा. म्हणजे तेरेसाबाईंना वरून एक जागा मिळाली! ख्रिस्तसभेची शिकवण याच्या नेमकी उलट आहे. घोषणेने कोणी संत होत नाही. तो देवाजवळ आहे याची ओळख पटल्याचे सभा सांगते आणि त्याचे नाव यादीत लिहिते. ‘कॅननायझेशन’मधील ‘कॅनन’ म्हणजे तरी काय? मूळ ग्रीक अर्थ मोजपट्टी, आणि पुढे यादी. वसईचा गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर मारला गेला. १६२७ साली तो धन्यवादित आणि १८६२ साली संत म्हणून जाहीर झाला. मधल्या २६५ वर्षांत तो कोण होता? ‘संतपद बहाल’ या शब्दांत या प्रश्नाला उत्तर नाही. ‘संत’ या नुसत्या शब्दात आहे: जो आहे तो.

येथे भाषेने केलेली गंमत ध्यानात यावी. लॅटिन शब्दाच्या पोटात ‘ठरविलेला’ हा अर्थ आहे, आणि सभेची शिकवण ‘असणारा’ या बाजूची आहे. मराठी शब्दाच्या पोटात ‘असणारा’ हाच अर्थ आहे, आणि आपण त्याला ‘पद’ चिकटवून ‘ठरविलेला’ करून टाकला. अनुवादकांना नकळत मुळापेक्षा अधिक नेमका शब्द मिळाला होता. तो आपण सरकारी दफ्तरात नेऊन ठेवला.

याचा परिणाम आपल्या संतचरित्रांवर झाला आहे आणि तो अधिक काळजीचा आहे. आमच्या वाचनात येणारी बहुतेक मराठी कॅथलिक संतचरित्रे इंग्रजी पुस्तिकांच्या साच्यात बसविलेली असतात: श्रद्धाळू आईवडील, बालपणीची प्रार्थनेची आवड, व्रतबंध, आजार, मृत्यू, आणि मग शेवटचे प्रकरण, ज्यात कोणा दूरदेशीच्या रुग्णाची गाठ विरघळते. चमत्कार शेवटी येतो, कारण चौकशीला मृत्यूनंतरचाच चमत्कार लागतो. कथेचा आकार प्रकरणाच्या कागदपत्रांनी ठरविला आहे. याच्या शेजारी महिपतीचा ‘भक्तविजय’ ठेवून पाहावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील ताहराबादच्या या कवीने १७६२ साली तो पूर्ण केला. त्यातही चमत्कार विपुल आहेत, आजच्या वाचकाला अतिच वाटतील इतके. पण ते घडतात जात्यापाशी, चिखल तुडविताना, मळ्यात. जनाबाईला दळू लागणारा विठ्ठल तिच्या मरणानंतर येत नाही. दळण संपायचे असते तेव्हा येतो. चमत्कार तेथे पुरावा नाही, सोबत आहे. दासगणूंच्या ग्रंथाचे २१ अध्याय आहेत. समाधीनंतरचे अनुभव अखेरच्या भागात येतात, पण तोवर वाचकाने महाराजांना इतके चालता-बोलताना पाहिलेले असते की त्या भागावर ग्रंथाचा भार पडत नाही.

आमच्या गोन्सालोबद्दल असे कोणी लिहिले आहे काय? जपानात जाऊन व्यापार करणारा, जपानी बोलणारा, नंतर फ्रान्सिसकन बंधू होऊन आपल्या मंडळींचा दुभाषी झालेला हा वसईकर. त्याच्या दुभाषेपणात, दोन भाषांमध्ये उभे राहण्याच्या त्याच्या रोजच्या कामात त्याचे संतपण कसे होते, हे सांगणारे चरित्र आम्हांस हवे आहे.

अनुवादाची ही वाट दुसऱ्या बाजूनेही चालली गेली, याची नोंद केली पाहिजे. निकल मॅकनिकल यांचे १९१९ सालचे मराठी अभंगांचे इंग्रजी पुस्तक आणि जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२६पासून काढलेली माला, दोहोंच्या नावांत तुकोबा-एकनाथ ‘सेंट्स’ झाले. ही मंडळी प्रॉटेस्टंट. संतांची मध्यस्थी न मानणारी. तरी पंढरीच्या वाटेवरील माणसांसाठी त्यांना हाच शब्द सापडला, यात आदर होता. १९८७ साली करीन शोमर आणि मॅक्लाउड यांनी संपादिलेल्या ग्रंथाने मात्र नावातच ‘सँट्स’ ठेवले, ‘सेंट्स’ नव्हे, आणि दोन शब्दांची कुळे वेगळी असल्याचे स्पष्ट केले. अभ्यासासाठी ते योग्यच. आपण मात्र प्रार्थनेतून ‘संत’ काढून ‘सेंट’ घालावा असे आम्ही म्हणणार नाही. शब्द दत्तकही जातात, आणि दत्तकाला घरात पूर्ण वाटा असतो. काढायचे असेल तर ‘पद’ आणि ‘बहाल’ काढावे. ‘संत म्हणून जाहीर केले’ हे साधे वाक्य पुरेसे आहे. ‘संतांच्या नामावलीत नाव घेतले’ हे मूळ ग्रीकच्याही जवळ जाते. पुढील अंकापासून या त्रैमासिकात येणाऱ्या लेखांत आम्ही तसा बदल करून छापू. लेखकांनी राग मानू नये.